'वादग्रस्त निवडणूक' लिहावं की दुसरं काही?

प्रश्नकर्ती, सांगली: कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक टिपण करतेय. विषय आहे एडवर्ड फोली. ओहायो स्टेट विद्यापीठातले निवडणूक कायद्याचे अभ्यासक. २०१६ साली आलेल्या 'बॅलट बॅटल्स'मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या निकालांच्या भांडणांचा थेट अठराव्या शतकापासूनचा इतिहास मांडलाय. त्यात पानोपानी 'डिस्प्युटेड इलेक्शन' येतं. मी 'वादग्रस्त निवडणूक' लिहिलं, पण खटकतंय. काय लिहावं?

कराडकर: खटकणारच. 'वादग्रस्त जागा' म्हटलं की दोघांचा दावा आहे एवढंच कळतं. 'वादग्रस्त विधान' किंवा 'वादग्रस्त अधिकारी' म्हटलं की दोष त्याचाच. निवडणुकीला हा शब्द लावला की वाचणारा दुसऱ्या अर्थाकडे जातो, काहीतरी गैरप्रकार झालाच असणार असं धरून चालतो. मोजणीवरून प्रामाणिक मतभेदही असू शकतात. आमच्या भागात वादग्रस्त वगैरे कुणी म्हणत नाही. 'सरपंचाच्या निवडीवर केस पडलीय' नाहीतर 'इलेक्शन कोर्टात हाय', झालं.

तासगावचा एक: मग 'विवादित' घ्या की.

कराडकर: ते हिंदी बातम्यांतून आलंय. चालेल, पण अर्थाचा घोळ तसाच राहतो.

साताऱ्याचे वकील: एका शब्दाचा हट्टच सोडा, कारण दोन्हीकडची भांडणं एका जातीची नाहीत. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३२९(ख)मुळे निवडणूक चालू असताना न्यायालय सहसा हात घालत नाही. आधी निकाल, मग तक्रार. आमदार-खासदारांच्या बाबतीत निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ग्रामपंचायतीला १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज. तोवर निवडून आलेला खुर्चीत बसलेला असतो, मासिक सभा घेतो, दाखल्यावर सही करतो. समोरचा तारखा मोजतो. इंदिरा गांधींची १९७१ची रायबरेलीची निवड अलाहाबाद उच्च न्यायालयानं रद्द केली ती १२ जून १९७५ला. मधली चार वर्षं त्या पंतप्रधान होत्याच. याला 'आव्हान दिलेली निवडणूक' हे चपखल बसतं.

फोलींच्या पुस्तकातली मोठी भांडणं बहुतेक खुर्चीत बसण्याआधीची. १८७६ला राष्ट्राध्यक्ष हेझ की टिल्डन, हे पुढच्या वर्षीचा मार्च उजाडेपर्यंत ठरेना, कारण काही राज्यांतून दोन-दोन निकालपत्रं आलेली. २०००ला राष्ट्राध्यक्षपदाच्याच निवडणुकीत फ्लोरिडात ५३७ मतांचा फरक, आणि फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयानं थांबवली. इथं आव्हान कुणाला देणार? जिंकलंय कोण हाच तर वाद. इथं 'निकालाचा वाद' लिहा. साधं आहे आणि कुणावर शिंतोडा उडत नाही.

प्रश्नकर्ती: हे पटलं. दोन्ही शब्द ठेवते, जागा बघून. आता दुसरी अडचण. फोलींचाच शब्द, 'ब्लू शिफ्ट'. टपालाची आणि उशिरा मोजलेली मतं बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतात, म्हणून मतदानाच्या रात्रीची आघाडी पुढच्या दिवसांत बदलत जाते. 'निळा कल' म्हणू?

कराडकर: अजिबात नको! महाराष्ट्रात निळा म्हणजे जयभीमचा झेंडा. सांगलीचं पोर निळा कल वाचून भलत्याच पक्षाचा हिशोब मांडत बसेल. तिकडे निळा डेमोक्रॅटांचा, हे एकदा कंसात सांगा आणि पुढे 'उशिराच्या मतांचा कल' लिहा. त्यात गैर काही नसतं, कोणती मतं आधी मोजली एवढाच प्रश्न असतो, हेही त्या शब्दांतूनच कळतं. आपल्याकडे नाही का, पहिल्या फेऱ्या एका खोऱ्यातल्या गावांच्या निघाल्या की गुलाल उधळायला सुरुवात होते, आणि शेवटच्या चार फेऱ्यांत तोंडं उतरतात.

वकील: आणखी एक. १८७७ला हेझ-टिल्डनचा तो पेच सोडवायला पंधरा जणांचं मंडळ नेमलं: प्रतिनिधीगृहाचे पाच, सिनेटचे पाच, सर्वोच्च न्यायालयाचे पाच. निर्णय आठ विरुद्ध सात, पक्ष बघूनच. नाव शब्दशः आणाल तर 'निवडणूक आयोग' होईल आणि मुलं आपल्या दिल्लीच्या आयोगाशी गाठ घालतील. 'निवाडा मंडळ' करा. त्यांचं काम निवडणूक घेण्याचं नव्हतंच, निवाडा देण्याचं होतं.

प्रश्नकर्ती: 'निवाडा मंडळ' घेतलं. 'फेरमोजणी' तशीच ठेवते, तिला कुणाची हरकत नसावी.

तासगावचा एक: हरलेल्याची नाही, जिंकलेल्याची असते.