मदत हवी आहे: कोविडच्या आलेखात उशिरा नोंदवलेले मृत्यू कसे दाखवायचे?

कोव्हिड१९इंडिया या स्वयंसेवी प्रकल्पाच्या सीएसव्ही फाइल्सवरून (म्हणजे तक्त्यातली माहिती साध्या मजकुरात ठेवणाऱ्या फाइल्स) मराठीत आलेख करतोय. अडलंय मृत्यूंच्या रकान्यात. १० जून २०२१ च्या सरकारी आकडेवारीत देशात एका दिवसात ६,१४८ मृत्यू दिसतात, कारण बिहारने राहिलेले जुने मृत्यू एकदम जाहीर केले. महाराष्ट्रातही १६ जून २०२० ला १,३२८ जुने मृत्यू धरले गेले.

सात दिवसांची सरासरी लावून पाहिली. सुळका जातो, पण आठवडाभराचं टेकाड उरतं. लॉग स्केलवर (जिथे उभ्या अक्षावरची प्रत्येक पायरी आधीच्या दहापट असते) सुळका दबतो खरा, पण सामान्य वाचकाला ते झेपत नाही. प्रत्यक्ष मृत्यूच्या तारखा फाइलमध्ये नाहीत, आणि एकूण आकडा बदलायचा नाहीये. बहुतेक जण मोबाइलवर बघणार, म्हणजे तळटीप कोण वाचतंय!

हे मृत्यू मागच्या दिवसांवर प्रमाणात वाटावेत, की त्याच दिवशी वेगळ्या रंगाचा स्तंभ ठेवावा? वाटायचे तर किती मागे जायचं?