समुपदेशन नको, आधी ड्युटी लिस्ट सुधारा

रात्रपाळी:
२०२० मध्ये मी कोव्हिड आयसीयूत स्टाफ नर्स होते. पीपीई किट चढवायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद, कारण एकदा आत गेलं की सहा तास बाथरूम नाही. ग्लोव्हज काढले की बोटं तासभर पाण्यात भिजवल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. त्याच महिन्यात प्रशासनाने 'ताणमुक्त राहा' असं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. दुपारी तीनला, म्हणजे नाईटवाल्यांच्या ऐन झोपेत, आणि हजेरी सक्तीची! व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, हे आम्ही पुस्तकात शिकलो. मी एकटी पाच जण बघत होते. आम्हाला ऐकून घेणारं माणूस नको होतं, हाताखाली चार माणसं हवी होती.

निवासी_डॉक्टर:
सिस्टर, अर्धंच पटलं. दुसरी लाट ओसरली, माझी ड्युटी आठ तासांवर आली, जेवण वेळेवर मिळू लागलं. तरी चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला की पोटात गोळा यायचा. बॉडी प्लास्टिकमध्ये बांधताना तोच आवाज असायचा ना. घरी कुणी कुरिअरचं खोकं फोडायला घेतलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. माणसं वाढवून हे गेलं नसतं. सात महिने गोळ्या घेतल्या, दर पंधरवड्याला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा कुठे झोप लागायला लागली. तुमचं शीर्षक वाचून एखादा ज्युनिअर जायचा थांबेल.

परखड_नाना:
राग येईल, पण बोलतो. स्मशानातले कामगार, कचरा उचलणारे, पोलीस यांनी काय कमी सोसलं? तुमच्यासाठी २२ मार्चला थाळ्या वाजल्या, मेमध्ये हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. पगार घेतला, काम केलं. त्यात एवढं काय?

गावची_आशा:
नाना, पगार कुणाला? आम्हाला मानधन मिळतं, आणि ते वाढवून घ्यायला जून २०२१ मध्ये संप करावा लागला. सर्वेक्षणाला गेले की "तूच रोग घेऊन फिरतेस" म्हणून दार लावायचे. ज्यांच्या सुनांना मी मध्यरात्री दवाखान्यात नेलं होतं, तीच घरं ही. थाळ्या मीही ऐकल्या. महिन्या-दीड महिन्याने त्याच आळीत पाणी मागितलं, तर वरून ओंजळीत ओतलं.

रात्रपाळी:
ताई, काय बोलू.
नाना, स्मशानातल्यांसाठी धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. बाकी मार्च २०२० मध्ये केंद्राने आमच्यासाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, तो मेल्यावर. जिवंत राहून झोप उडाली, तर त्यात काही नव्हतं.
डॉक्टर, शीर्षकातलं 'नको' मागे घेते, 'आधी' मात्र राहू दे. तुम्ही दर पंधरवड्याला गेलात ते कुठल्या रजेवर? माझ्यासोबतची कंत्राटी मुलगी एक दिवस घरी राहिली, तर दिवसाचे पैसे कापायचे.

निवासी_डॉक्टर:
पकडलंत. रजा नव्हतीच. माझा रूममेट तेवढा वेळ इमर्जन्सी सांभाळायचा आणि एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, मी दाढ दुखते म्हणून सांगायचो. सात महिने दाढ दुखत होती.

मनोविकार_ओपीडी:
दाढेची गरज नव्हती हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. डॉक्टर रुग्ण झाला तरी तो हक्क जात नाही. ड्युटी लिस्ट आणि उपचार यांची भांडणं लावू नका, दोन्ही मागा.

निवासी_डॉक्टर:
कायदा ठाऊक आहे, सर. पण केसपेपरच्या खिडकीत "कुठला विभाग?" असं मोठ्याने विचारतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा रांगेत माझ्या मागे आमच्याच युनिटचा इंटर्न उभा होता. मी "दंत" म्हणालो आणि परत फिरलो. पुढे गेलो ते बाहेर, खासगीत, स्वतःच्या स्टायपेंडमधून.