मदत हवी आहे: डोळ्यांना त्रास होणार नाही असा दिवा कोणता?

उंडो
संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं. काम घरूनच, आणि नंतर वाचायला बसावं तर दोन पानांतच डोळे पाणावतात. खोलीत पांढरा एलईडी आहे. बदलून कोणता लावू? उद्या म्हापशाला जातोय, पटकन सांगा. "मोबाइल कमी बघ" हे घरी ऐकून झालंय.

माडाखाली
किती वॅट? दिवा कुठे? खोली केवढी? काहीच लिहिलं नाहीस रे.

चवथीचा_उंदीर
वॉर्म घे, म्हणजे पिवळसर उजेडाचा, २७०० केल्विन (रंगाचं माप). आमच्याकडे सगळीकडे तोच. डोळे एकदम शांत.

माडाखाली
झोपायच्या आधी ठीक. पण प्रश्न रंगाचा नाही, उजेड पानावर पोचतो किती याचा आहे. वाचायला ३०० ते ५०० लक्स (पानावर पडणाऱ्या उजेडाचं माप) तरी हवा.

चवथीचा_उंदीर
लक्स मोजत कोण बसतो? मी अनुभव सांगतोय.

उंडो
९ वॅट. आजोबांचं कौलारू घर, दिवा वर वाशाला.

माडाखाली
घ्या! हे आधी सांगायचं. ९ वॅट म्हणजे साधारण ९०० ल्युमेन एवढा दिव्याचा एकूण उजेड, तोही एवढ्या उंचीवरून. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. वर काळे वासे आणि कौलं, उजेड खाली परतवणार कोण? टेबलाला वेगळा दिवा घे. उजव्या हाताने लिहीत असशील तर डावीकडे ठेव, आणि बल्ब थेट डोळ्यांत येऊ देऊ नकोस.

भरती_ओहोटी
शिंपल्यांच्या खिडक्या आहेत का अजून? आमच्या मामांनी काढून काचा बसवल्या, आता दुपारी आत बसवत नाही. विकायच्या असतील तर कळवा.

तारवाला
दिवा फडफडतो का ते आधी बघा. मोबाइलचा कॅमेरा धरा, पडद्यावर पट्टे सरकले तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, स्वस्तातला. आपली वीज ५० हर्ट्झची, असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच धरतं.

भरती_ओहोटी
आमच्याकडे पावसात व्होल्टेज असं नाचतं की कॅमेरा लागतच नाही. इन्व्हर्टर घ्या सरळ.

सातेरीची_लेक
वय किती? चष्मा आहे? पंखा तोंडावर येतो का? स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यात वारा, म्हणजे डोळे कोरडे.

उंडो
४३, चष्मा नाही. पंखा समोरच. आणि लॅपटॉपवर असताना दिवा बंदच ठेवतो, पावसात पाखरं येतात ना.

माडाखाली
म्हणजे अंधारात काम करतोस आणि दिवा कोणता घेऊ विचारतोस?

सातेरीची_लेक
अंधारात उजळ स्क्रीन म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. पाखरं पिवळ्या दिव्यावर कमी येतात, तेव्हा ३००० केल्विनचा टेबललॅम्प लाव, पंख्याची दिशा बदल. पण म्हापशाला आधी डोळे तपासून घे. चाळिशीनंतर जवळचं वाचायला नंबर लागतोच.

चवथीचा_उंदीर
बघा, शेवटी वॉर्मच!

तारवाला
दुकानात लावून दाखवायला सांग, तिथेच कॅमेरा धर.

उंडो
चष्म्याचं कुणी विचारलं होतं? बरं, शनिवारी दुपारी दुकानं उघडी असतात ना?