मदत हवी आहे: चार आण्यांच्या नावावर पोट कसं भरायचं? (स्ट्रिंग क्वार्टेट, अमेरिका, व्हिसा)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पुण्याची, वय २७, व्हिओला वाजवते. दिसायला व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाज खालचा. (लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी आता सरळ व्हायोलिनच सांगते.) मास्टर्सला अमेरिकेत मिडवेस्टमध्ये आले आणि तिथे आमची चौकडी, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, जमली: दोन व्हायोलिन, मी, एक चेलो. दोघे अमेरिकन, एक तैवानची आणि मी. येत्या सप्टेंबरात तीन वर्षं होतील. आई चांडाळचौकडी म्हणते.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "पण तुमच्यात मुख्य कोण?" त्यांचंही बरोबरच आहे. आपल्याकडे मैफल म्हटली की पत्रिकेवर एक नाव ठळक, खाली तबला अमुक, संवादिनी तमुक. क्वार्टेटमध्ये साथीदार असा कुणी नसतोच. द्वोर्झाक या चेक संगीतकाराचं 'अमेरिकन' क्वार्टेट (अशा चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) आम्ही खूप वाजवतो. १८९३च्या उन्हाळ्यात तो आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात राहिला होता, तेव्हाचं. त्यात दोन्ही व्हायोलिनं नुसती झुळझुळत असतात, चेलो खाली एक सूर धरून बसतो आणि मुख्य चाल सुरू करते ती मी. जरा कुठे रंग भरतोय तोवर पहिलं व्हायोलिन ती माझ्या हातातून घेऊन जातं. ते तसंच हवं असतं, त्यातच मजा आहे.

पण हाच प्रकार पोटापाण्यात आला की माझी पंचाईत होते. नाव चौघांचं, त्यात माझे चार आणे.

माझं ओपीटी (शिक्षणानंतर बारा महिने काम करायची मुभा) जूनमध्ये संपतंय. संगीत 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत नाही, त्यामुळे इंजिनियर मैत्रिणींसारखी पुढची दोन वर्षं मला नाहीत. ओपीटीवर वादकांना सुटी सुटी कामं घेता येतात, फक्त प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते. माझी वही आहे: तारीख, जागा, कुणासाठी, किती तास. चाळीसेक पानं भरलीत, त्यातली निम्मी लग्नं. लग्नात पाखेलबेलची 'कॅनन' ही रचना टळत नाही. चेलोला तेच आठ सूर अठ्ठावीस वेळा वाजवायचे असतात, आणि मूळ रचनेत व्हिओला नाहीच, म्हणजे मी तिथे उपरीच. एका लग्नाचे बाराशे डॉलर, चौघांत तीनशे-तीनशे, पेट्रोल ज्याचं त्याचं. बाकी दिवस शाळांतले कार्यक्रम आणि शिकवण्या.

पुढचा मार्ग ओ-१ व्हिसा (असामान्य कर्तृत्वाच्या लोकांसाठीचा), असं सगळे सांगतात. एका वकिलीणबाईंची तासाची वेळ घेतली. टेबलावर सगळी कात्रणं, कार्यक्रमपत्रिका, दोन समीक्षणं मांडली. बाई चांगल्या होत्या. शांतपणे एकेक कागद उलटत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "यात तुमचं नाव कुठे आहे?" खरंच नव्हतं. सगळीकडे क्वार्टेटचं नाव. एका समीक्षणात 'व्हिओलाचा ऊबदार आवाज' असं होतं, पण व्हिओला कोण वाजवतंय ते नव्हतं. ओ-१ला माणसाचं स्वतःचं कर्तृत्व दाखवावं लागतं. शिवाय अर्ज मला स्वतःला करता येत नाही, इथल्या मालकाने किंवा एजंटने करायचा. एजंट आम्हाला नाही.

दुसरा मार्ग एका विद्यापीठाच्या क्वार्टेट रेसिडेन्सीचा. अख्ख्या चौकडीला दोन वर्षं घेतात, फी माफ, थोडं विद्यावेतन, वर मुरलेल्या क्वार्टेटकडून शिकवणी. आम्ही शेवटच्या फेरीत आहोत. माझ्यासाठी हे म्हणजे परत विद्यार्थी व्हिसा, दोन वर्षांचा श्वास. आणि नेमकं आत्ताच आमचा पहिला व्हायोलिनवाला एका ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये अंतिम फेरीत पोचलाय. पडद्यामागून वाजवायचं, परीक्षकांना नाव-गाव-चेहरा काही कळत नाही. निवड झाली तर पगार, विमा, पेन्शन. तो म्हणतो, "लागलं तर बघू." मला रात्री झोप नाही.

आता मी विचारणार काय, तर: रेसिडेन्सी की ओ-१? एक जण गेला तर नाव कुणाकडे राहतं? आमच्यात लेखी काहीही नाही, कुणी काढलं की "आपल्यात कसले करार" म्हणतात. आणि हसू नका, पण आमचं सगळ्यात मोठं भांडण तिकिटाचं आहे. चेलो सामानात टाकता येत नाही, त्याला शेजारची सीट घ्यावी लागते. म्हणजे माणसं चार, तिकिटं पाच. पाचवं तिकीट कुणी भरायचं? आजवर चेलोवालाच भरत आलाय आणि गेल्या महिन्यापासून तो बोलेनासा झालाय.

प्रतिसाद (जर्सीकर काका):
अगं, व्हिसापुरतं सांगतो. रेसिडेन्सी मिळाली तर घे, पण आधी तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला एक प्रश्न लेखी विचार. ओपीटी एका शैक्षणिक पातळीला एकदाच मिळतं. तुझं मास्टर्सवरचं वापरून झालं. रेसिडेन्सीत 'आर्टिस्ट डिप्लोमा' देणार असतील तर तो मास्टर्सच्या वरची पातळी धरतात का? नसेल धरत, तर दोन वर्षांनी तू आज आहेस तिथेच उभी राहशील. तेव्हा ती दोन वर्षं ओ-१ची फाइल जमवण्यात घाल. इथून पुढे प्रत्येक पत्रिकेवर चौघांची नावं छापून घ्यायची, समीक्षकाला आधीच नावांचा कागद द्यायचा. ओ-१ला संगीतकारांच्या संघटनेचं मतही जोडावं लागतं, त्याला वेळ धर.

प्रतिसाद (माजी दुसरं व्हायोलिन):
ताई, मी नऊ वर्षं क्वार्टेटमध्ये काढली, आता शाळेत शिकवतो. "आपल्यात कसले करार" म्हणणाऱ्यांना ऑड्युबॉन क्वार्टेटची गोष्ट सांगा. २००० साली तिघांनी मिळून पहिल्या व्हायोलिनवाल्याला काढलं. तो कोर्टात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला, सहा लाख डॉलरच्या वर. बाकीच्यांवर वाद्यं विकायची पाळी आली होती. हे सगळे मुरलेले लोक होते, नवखे नव्हेत.

एक जण गेल्यावर काय, याची दोन टोकं आहेत. अमाडेउस क्वार्टेट १९४७पासून तेच चौघे होते. १९८७मध्ये व्हिओलावाले वारले आणि बाकी तिघांनी त्यांच्या जागी कुणाला न घेता थांबायचं ठरवलं. ज्युलियार्ड क्वार्टेट १९४६चं, मूळचं कुणीही आता त्यात नाही, नाव चालूच आहे. दोन्ही ठीक. आपलं यातलं कुठलं, ते भांडण व्हायच्या आधी बोलून घ्या.

आणि पहिल्या व्हायोलिनवाल्यावर रागावू नका. मीही ऑडिशन चोरून दिली होती. तुमच्याने निदान सांगितलं तरी.

प्रतिसाद (सतारवाला):
मला एक कळत नाही. एवढं सगळं करण्यापेक्षा मुंबईला का येत नाही? एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे २००६पासून. आमच्याकडेही करार नसतात, पाकीट मिळतं ते मिळतं, पण व्हिसाची कटकट तरी नाही.

धागाकर्ती:
सतारवाले दादा, ऑर्केस्ट्रात जायचं तर इथेही ऑडिशन देता येते. मला चौघांतच वाजवायचंय, अडचण तीच आहे. नुसत्या क्वार्टेटवर मुंबईत घर चालवणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा, खोचकपणे विचारत नाहीये.

काका, विद्यापीठाला मेल टाकली. उत्तर आलंय की डिप्लोमा 'पदवी' नाही, त्यामुळे ओपीटी धरून चालू नका. तुम्ही बोलला नसता तर हे मला दोन वर्षांनी कळलं असतं. तरी जाणार आहे, मिळालं तर. २०२८च्या बान्फ स्पर्धेपर्यंत (कॅनडातली क्वार्टेटची स्पर्धा) आम्हाला एकत्र तासन्‌तास बसायला जागा हवी, ती लग्नं वाजवून मिळत नाही. तिथे दहाच क्वार्टेट घेतात, त्यामुळे तेही जर-तरच.

माजी दुसरं व्हायोलिन, तुमचा प्रतिसाद इंग्रजीत करून काल तालमीआधी वाचून दाखवला. सहा लाखांचा आकडा ऐकून तैवानच्या मैत्रिणीने आपलं व्हायोलिन पेटीत ठेवून पेटी बंद केली, गमतीने, पण केली. मग दोन तास तालीम झालीच नाही, पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर मुद्दे लिहीत बसलो. जाणाऱ्याने सहा महिने आधी सांगायचं, ठरलेले कार्यक्रम पुरे करून जायचं. नाव राहणाऱ्यांचं, पण दोघांपेक्षा कमी उरले तर नाव बंद. यावर पहिला व्हायोलिनवाला गप्प होता, मग म्हणाला, ऑडिशनचा निकाल लागेपर्यंत सही करत नाही. बरोबर आहे की चूक, मला अजून ठरवता येत नाहीये.

पाचवं तिकीट मात्र मिटलं. सामायिक खर्चातून. चेलोवाल्याने झाकणावर ते सगळ्यात वर, स्वतःच्या हाताने लिहिलं.

निकाल पुढच्या गुरुवारी आहे. तोवर असा करारनामा कुणी वकिलाकडून करून घेतला असेल तर साधारण खर्च किती येतो, तेवढं सांगाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.