मदत हवी आहे: फौंड्रीतल्या लोकांनी कंपनीबद्दल स्वतःहून लिहावं यासाठी सुरुवात कुठून करू?

शिरोली_एचआर
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत ग्रे आयर्न कास्टिंगची, म्हणजे बिडाच्या ओतीव भागांची मध्यम फौंड्री आहे, एचआर माझ्याकडे. कंपनीचं लिंक्डइन पान आहे, पण तिथलं आमच्याच लोकांखेरीज कुणी वाचत नाही. मालकांचं म्हणणं, सगळ्या स्टाफनं प्रत्येक पोस्ट शेअर करायची आणि एचआरनं नोंद ठेवायची. हेतू दोन: पुण्यातल्या ग्राहक कंपन्यांच्या सोर्सिंगवाल्यांपर्यंत (माल कुणाकडून घ्यायचा ते ठरवणाऱ्यांपर्यंत) पोचायचं आणि मोल्डिंग-फेटलिंगला (साचे भरायला आणि कास्टिंग साफ करायला) पोरं मिळवायची. सक्ती न करता हे कसं बसवावं? फोटोंबाबत काय नियम ठेवावेत?

वाळू_आणि_साचा
नोंद ठेवायचा विचार आधी सोडा. शेअर सक्तीचं झालं की लोक मजकूर जसाच्या तसा चिकटवतात. एकाच सकाळी वीस जणांच्या नावावर तीच चार वाक्यं दिसली की बघणाऱ्याला वरून हुकूम आलाय हे लगेच कळतं, आणि त्या वीस जणांची पतही जाते.

तुमचे हेतू दोन आहेत, तशी माध्यमंही दोन लागतील. सोर्सिंगवाला लिंक्डइनवर सापडतो. कागल, हातकणंगले, पन्हाळ्याकडचा आयटीआय झालेला मुलगा बहुतेक तिथं नसतो. तो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टाची रील बघतो. भरतीसाठी कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचं स्टेटस सगळ्यात उपयोगी, कारण ते त्याच्याच गावातले लोक बघतात. त्यात पगाराचा आकडा, शिफ्ट, बस कुठून सुटते आणि कँटीन आहे का, एवढं हवंच. 'त्वरित संपर्क साधा' एवढ्यावर कुणी फोन करत नाही.

लिंक्डइनला पाच-सहा जण पुरेत: मेथड्स (ओतकामाची पद्धत ठरवणारे), क्वालिटी, पॅटर्न शॉप (साच्याचे नमुने बनवणारे), मेंटेनन्स, डिस्पॅच. त्यांना तयार पोस्ट देऊ नका, विषय द्या. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा जास्त झाला किंवा वाळूची परमिअ‍ॅबिलिटी कमी पडली की वायू बाहेर पडत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल म्हणजे पोकळ्या येतात. हे क्वालिटीच्या माणसानं स्वतःच्या शब्दांत शे-सव्वाशे शब्दांत, तपासणी कशी करतो यासकट लिहिलं, तर सोर्सिंगवाला शेवटपर्यंत वाचेल. 'आमची कंपनी आघाडीची' हे तो वाचणार नाही. पोस्ट उघडण्याआधी दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून दोषाचं नाव पहिल्याच ओळीत घ्यायला सांगा. मराठीत लिहिलं तरी चालेल, मोडक्या इंग्रजीपेक्षा कितीतरी बरं. आणि हे काम कामाच्या वेळेत होऊ द्या, आठवड्याला अर्धा तास. घरी जाऊन लिहा म्हटलं की महिन्याभरात बंद पडतं.

क्वालिटी_गेट
फोटोंचा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. कास्टिंगवर पार्ट नंबर, ग्राहकाचा लोगो, हीट कोड (कुठल्या वितळणीचा माल ते) उठलेला असतो. मागे ड्रॉइंग किंवा रिजेक्शनचा बोर्ड दिसतो. गुप्ततेचा करार असेल तर तेवढ्यानंच ग्राहक हातचा जातो. म्हणून काय टाळायचं याची लांबलचक यादी करण्यापेक्षा फोटो कुठे काढायचा तेवढंच ठरवा: गेट, सँड लॅब, ट्रेनिंग रूम, कँटीन. भट्टीजवळ आणि ओतकाम चालू असताना मोबाईल बंद म्हणजे बंद. तिथला फोटो लागलाच तर नेमलेल्या एकाच माणसानं सुरक्षेच्या पिवळ्या रेषेबाहेरून काढावा. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज नसलेला माणूस फोटोत आला तर पुढच्या ऑडिटला तोच फोटो समोर येतो. ज्याचा चेहरा दिसतो त्याची मराठीत लेखी संमती घ्या, कंत्राटी कामगाराचीसुद्धा. त्यानं नंतर नको म्हटलं की फोटो पोस्टमधून हटवायचा.

आणखी एक. आपल्या मालाचं कौतुक करताना 'मी इथं काम करतो' हे त्याच पोस्टमध्ये हवं, नुसतं प्रोफाइलवर असून भागत नाही. अ‍ॅस्कीच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०२१ च्या इन्फ्लुएन्सर नियमांत नोकरीचं नातंही उघड करायच्या संबंधांत धरलंय. स्टाफला गूगलवर पाच तारे द्यायला तर अजिबात सांगू नका. स्वतःच्या नोकरीच्या जागेबद्दलचा रिव्ह्यू गूगलच्या धोरणात बसत नाही.

शिरोली_एचआर
खूप आभार. मालकांचे दोन प्रश्न: पोस्ट टाकणारा माणूस नोकरी सोडून गेला तर? आणि कमेंटमध्ये कुणी पगारावरून तक्रार केली तर?

वाळू_आणि_साचा
खातं त्याचं, ओळखीही त्याच्या. तो गेला की त्या जाणार, हे मालकांना आधीच स्पष्ट सांगा. पासवर्ड कधीच मागू नका. म्हणून तर एकावर न विसंबता पाच-सहा जण लागतात.

तक्रारीला पोस्ट टाकणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, वादही घालायचा नाही. स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवायचा, आणि तुम्ही त्याच दिवशी कंपनीच्या पानावरून नाव-हुद्द्यासह उत्तर द्यायचं. कमेंट पुसली तर तिचाच फोटो गावभर फिरतो. तक्रार खरी असेल तर आधी पगाराचं बघा, पोस्टचं नंतर.

उपयोग झाला का, हे लाईकवरून कळत नाही. नोकरीच्या अर्जावर आणि एन्क्वायरी रजिस्टरमध्ये 'कुठून कळलं' हा रकाना घाला आणि तीन महिन्यांनी बघा.

क्वालिटी_गेट
खंडेनवमीच्या आत नियमांचं एक पान नोटीस बोर्डावर लागायला हवं. यंत्रपूजेला सगळे स्वतःहून फोटो टाकतात, तेव्हा मशिनवरचे ग्राहकांचे जॉब (कामाला लावलेले भाग) आदल्या संध्याकाळीच उतरवून झाकून ठेवा.