चांदी कारखान्याच्या पाण्यात तांबे मोजताना इलेक्ट्रोड बिघडला: कारण काय असावे?

रसायनशिक्षिका (हातकणंगले तालुका)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हुपरीतील एका लहान चांदी कारखान्याच्या सांडपाण्यात तांबे किती असते, हे विद्यार्थ्यांसह मोजण्यासाठी आम्ही तांब्याचा आयन-निवडक इलेक्ट्रोड (मुख्यतः एकाच आयनाला प्रतिसाद देऊन व्होल्टता दाखवणारा) आणला. संदर्भासाठी, म्हणजे ज्याच्या तुलनेत ही व्होल्टता मोजायची त्यासाठी, प्रयोगशाळेतला जुना कॅलोमेल (पाऱ्याच्या क्लोराइडचा) इलेक्ट्रोड वापरला. ०.१ ते १०० मि.ग्रॅ. प्रतिलिटरच्या प्रमाण द्रावणांवर सांद्रतेच्या दर दहापटीला २८ मिलिव्होल्टचा फरक, म्हणजेच उतार, मिळाला, तेव्हा मुलांना फार आनंद झाला.

पहिला नमुना चुना टाकून निवळलेल्या टाकीतला होता आणि त्याचा सामू ७ च्या आसपास होता. इलेक्ट्रोडने ०.२ मि.ग्रॅ. दाखवले, पण त्याच पाण्याचा बाहेरच्या प्रयोगशाळेतील अणुशोषण पद्धतीचा (धातूचे अणू किती प्रकाश शोषतात यावरून मोजण्याचा) अहवाल ५.१ मि.ग्रॅ. आला. दुसरा नमुना ज्या पिंपात नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून खाली बसवतात, तेथील निळ्या पाण्याचा होता. त्यात आकडा स्थिर होईना आणि नंतर प्रमाण द्रावणांवरही उतार १७ मिलिव्होल्टवर आला. इलेक्ट्रोड वाया गेला का? आणि पहिल्या नमुन्याच्या दोन आकड्यांपैकी खरा कोणता?

पंचगंगाकाठ

ताई, इलेक्ट्रोड बहुधा वाया गेलेला नाही आणि आपले दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात.

आधी बिघाडाचे पाहू. इलेक्ट्रोडच्या टोकाची काळी चकती ही तांब्याचे सल्फाइड आणि चांदीचे सल्फाइड एकत्र दाबून बनवलेली असते. चांदीचे सल्फाइड तांब्याच्या सल्फाइडपेक्षा कितीतरी कमी विद्राव्य असल्यामुळे पाण्यात चांदीचे आयन असले, की ते चकतीतल्या तांब्याला बाहेर ढकलून त्याची जागा घेतात. मग पृष्ठभाग तांब्याऐवजी चांदीला प्रतिसाद देऊ लागतो. पाऱ्याचेही असेच आहे. ओल्या, अतिबारीक पॉलिश पट्टीवर चकती हलक्या हाताने गोलाकार घासा, धुवा आणि तांब्याच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे ठेवून पुन्हा तपासा. २५ अंश सेल्सिअसला तांब्यासारख्या द्विसंयुजी आयनासाठी सैद्धांतिक उतार २९.६ मिलिव्होल्ट आहे. २७ च्या वर आलात तर काम सुरू करायला हरकत नाही.

पुढच्या वेळी पिंपातले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला, तर चांदी शिल्लक आहे असे समजा आणि इलेक्ट्रोड त्यात घालूच नका. मीठ टाकून चांदी काढावी आणि गाळलेले पाणी मोजावे, असा मोह होईल, तोही टाळा. तांब्यासोबत क्लोराइड फार झाले, तर चकतीवर चांदीच्या क्लोराइडचा थर बसतो. असा नमुना सरळ अणुशोषणाला पाठवणेच शहाणपणाचे.

आता आकड्यांचे. हा इलेक्ट्रोड पाण्यातले एकूण तांबे मोजत नाही, फक्त मोकळ्या तांबे-आयनांची क्रियाशीलता (परिणामकारक सांद्रता) मोजतो. चुन्यामुळे हायड्रॉक्साइड होऊन तरंगणारे किंवा अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्यांनी बांधून ठेवलेले तांबे त्याला दिसत नाही. अणुशोषणासाठी नमुना आम्लात शिजवतात, त्यामुळे तेथे सगळे तांबे मोजले जाते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यातील तांब्याची मर्यादा ३ मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे आणि तिच्यासाठी एकूण तांबेच धरायला हवे. म्हणून ०.२ वर समाधान मानणे धोक्याचे ठरेल. नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालून तापवा, थंड झाल्यावर सामू ४ ते ५ वर आणा, सोडियम नायट्रेटचे आयनबल-द्रावण (सगळ्या द्रावणांतले आयनांचे एकूण बळ सारखे करणारे) नमुन्यात आणि प्रमाण द्रावणांत सारख्याच प्रमाणात घाला आणि मग मोजा. एका मिलिव्होल्टची चूक येथे सुमारे ८ टक्क्यांची चूक होते, म्हणून चुंबकीय ढवळणीच्या तबकडीवर थर्मोकोलचा तुकडा ठेवा, म्हणजे बीकर तापून आकडा सरकणार नाही.

मिलिव्होल्ट

वरचे उत्तर पटले. माझी भर कॅलोमेलपुरती. त्यातले पोटॅशियम क्लोराइड नमुन्यात झिरपत राहते आणि नमुन्यात चांदी असेल तर टोकाच्या सच्छिद्र भागातच चांदीचे क्लोराइड साचून तो बुजतो. आकडा स्थिर न होण्याचे निम्मे कारण हेच असावे, असे मला वाटते. दुहेरी जोडाचा, म्हणजे आतल्या द्रावणाभोवती आणखी एक कप्पा असलेला, संदर्भ इलेक्ट्रोड घ्या आणि त्याच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरा.

याच इलेक्ट्रोडने विहिरीचे पाणी तपासायचा विचार असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० मधील तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा ०.०५ मि.ग्रॅ. आहे आणि ती या साधनाच्या भरवशाच्या टप्प्याच्या अगदी काठावर येते. शिसे आणि कॅडमियमचेही असे सल्फाइडचे इलेक्ट्रोड मिळतात. मात्र पाण्यात तांबे असेल, तर तेच त्यांना बिघडवते. त्यामुळे या कारखान्याच्या पाण्यासाठी ते घेऊ नयेत.

हुपरीचा कारागीर

मॅडम, पट्टी किती वेळ ठेवली होती, हे कारखान्यात विचारून घ्या. घाईत तास-दोन तासांत पट्टी काढली, की चांदी पाण्यात राहते. आम्ही पट्टी रात्रभर ठेवतो, मधून मधून तिच्यावर जमलेली करडी चांदी ब्रशने झटकतो आणि सकाळी मिठाचा थेंब टाकून पाहतो. पाणी नितळ राहिले, तरच पिंप रिकामे करतो. पाणी निळे झाले म्हणजे चांदी उतरली, असे मात्र नाही. तो रंग पट्टीतून विरघळलेल्या तांब्याचा असतो.

रसायनशिक्षिका

सर्वांची आभारी आहे. चकती घासल्यावर उतार पुन्हा २८ वर आला. पिंपातल्या उरलेल्या नमुन्यात मिठाचा थेंब टाकताच दह्यासारखा पांढरा साका खाली बसला; पट्टी दीड तासातच काढली होती, असे मालकांनी सांगितले. टाकीचा नमुना आम्लात तापवून मोजला, तेव्हा ४.७ मि.ग्रॅ. मिळाले. तेच पाणी आधी गाळणकागदातून गाळून, मग आम्लात तापवून मोजले तर ०.३ आले आणि कागदावर फिकट निळसर गाळ राहिला. म्हणजे चुन्याने तांबे गाळ बनून वेगळे होते, पण खाली बसण्याआधीच पाणी सोडले जाते. मालकांनी आता टाकी रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून काढायचे कबूल केले आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही नमुने पुन्हा घेऊन आकडे येथेच कळवीन.