साधी एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) ट्यूबलेस करतोय, स्पोकच्या भोकांतून हवा जातेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाऊस गेला, वेताळ टेकडीवरचं गवत वाळलं आणि पायवाटेवर सराटे पडायला लागले. बाभळीचे काटे तर बारा महिने असतातच. मागच्या रविवारी एकाच ट्यूबमध्ये चार पंक्चरं निघाली. लेक तिची सायकल घेऊन उन्हात ताटकळत उभी. घरी आल्यावर ठरवलं, ट्यूबलेस करायचंच, म्हणजे ट्यूब काढून थेट टायरमध्येच हवा भरायची.

सायकल २७.५ इंची, टायर २.१ चे, तारेच्या बीडचे (बीड म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड). पुढचा नवा, मागचा जुना. रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं काही लिहिलेलं नाही. आतली रुंदी व्हर्नियरने मोजली, २१ मिमी. व्हॉल्व्हचं भोक मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं.

पुढच्या चाकापासून सुरुवात केली. जुनी रबरी पट्टी काढून स्पोकची भोकं झाकायला इलेक्ट्रिकची १९ मिमीची काळी टेप दोन फेरे मारली. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बसवला, ९० मिली सीलंट (टायरची भोकं बुजवणारं पातळ द्रव्य) ओतलं. फ्लोअर पंपाने टायर बसेचना, जेवढी हवा भरावी तेवढी कडेने बाहेर. शेवटी अडॅप्टर लावून पेट्रोल पंपावर कॉम्प्रेसरची हवा मारली, तेव्हा टप् टप् करत बसला. सकाळी पाहतो तर चाक सपाट. साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि दोन निपलपाशी (स्पोक रिमला जिथे आवळतात तिथे) बुडबुडे, एका निपलमधून पांढरं सीलंट पाझरतंय.

दुकानात म्हणाले, साध्या रिमवर होत नाही, नवा व्हीलसेट घ्या. तेवढे पैसे आत्ता नाहीत. टेप बदलून भागेल का? आणि उतारावर टायर रिममधून निसटला तर? लेक मागेच असते, मला ही धास्ती जास्त आहे.

प्रतिसाद

निपलमधून सीलंट येतंय म्हणजे टेपच गळतेय. १९ मिमीची टेप २१ च्या रिमला कडेपर्यंत पुरणारच नाही, शिवाय इलेक्ट्रिकच्या टेपचा गोंद सीलंटने सुटतो. ट्यूबलेसची २४-२५ मिमीची टेप आणा. रिम स्पिरिटने पुसा, टेप ताणून दोन फेरे मारा, शेवट वीतभर एकमेकांवर येऊ द्या. मग ट्यूब घालून रात्रभर हवा भरून ठेवा, टेप दाबून बसते. दुसऱ्या दिवशी एकाच बाजूचं बीड सोडवून ट्यूब काढा. दुसरी बाजू बसलेली राहते, त्यामुळे हवा भरणं सोपं जातं.

तुमचं भोक साधारण ८.५ मिमीचं आहे, प्रेस्टाचा व्हॉल्व्ह त्यात हलणारच. जाड ट्यूबलेस व्हॉल्व्ह घ्या. हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढा आणि बीडला साबणाचं पाणी लावा.

आता धास्तीबद्दल. ट्यूबलेस रिमला बीड बसायला सपाट कठडा आणि त्याच्या आत बारीक उंचवटा असतो, तो हवा कमी झाली तरी टायर धरून ठेवतो. साध्या रिमला बहुतेक वेळा तो नसतो. म्हणून एकदा बसलेल्या टायरची सगळी हवा सोडा आणि अंगठ्यांनी बीड आत दाबा. जोर लावूनही हलत नसेल तर चालवा. सहज रिमच्या मधल्या खोलगटात घसरलं तर त्या चाकावर करू नका, वळणावर हवा फसकन जाईल. दाब २८-३० पीएसआयच्या खाली नेऊ नका आणि टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका.

पुण्याच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. सोबत एक ट्यूब ठेवाच. ती घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवून अडकलेले काटे काढा.

आठ दिवसांनी, धागाकर्ता

मनापासून आभार. पुढचं चाक जमलं. हवा सोडून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, बीड जागचं हललं नाही. चार दिवसांत दाब ३० चा २७ झालाय, एवढंच.

मागचा जुना टायर नुसत्या बोटाने घसरला, म्हणून तिथे ट्यूबच ठेवली आणि पिन निघणारी ट्यूब घेऊन तिच्यात सीलंट ओतलं. नवा टायर घेतला की पुन्हा अंगठ्याने पाहीन.

आज टेकडीवर पुढच्या टायरमधून सराटा उपटला. फुस्स आवाज, भोकावर पांढरा थेंब, चाक दोनदा फिरवलं आणि आवाज बंद. लेकीने तिची सायकल आडवी पाडून विचारलं, “बाबा, माझी कधी?” तिच्या २४ इंची रिमची आतली रुंदी १९ मिमी आहे, टेप २२ ची घेऊ का २४ ची?